बेवारसांचा वारस

प्रस्तावना

गावात कोणाचा मृत्यू झाला, की शेजारीपाजारी न बोलावता जमतात. कोणी बांबू आणि सुतळी आणतो, कोणी मडके आणतो, कोणी परगावच्या नातलगांना निरोप धाडतो. तिरडी बांधणे सर्वांनाच जमते असे नाही; परंतु प्रत्येक आळीत ते काम नीट जाणणारा एखादा माणूस असतोच. एरवी तो कितीही अबोल असला, तरी त्या दिवशी त्याचाच शब्द चालतो. मुसलमान मोहल्ल्यात मृताला स्नान घालणारे आणि कफन बेतणारे जाणते हात असतात. ख्रिस्ती वस्तीत शवपेटी तयार करणारा सुतार असतो. युरोप-अमेरिकेत या साऱ्या कामाला एका स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले आहे. तेथील लहान शहरांतही अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी पिढीजात दुकाने असतात. भारतातील महानगरांतही आता अशी सेवा विकत मिळू लागली आहे. लहान गावांत मात्र अजूनही हे काम मुख्यतः शेजारधर्म म्हणूनच केले जाते.

पण ज्याला शेजारीच नाही, त्याचे काय? रेल्वेच्या फलाटावर, धर्मशाळेच्या ओट्यावर किंवा सरकारी इस्पितळाच्या खाटेवर ज्याचा अंत होतो आणि ज्याचे नावही कोणाला ठाऊक नसते, त्याला खांदा कोणी द्यायचा? उत्तर प्रदेशातील फैजाबाद या शहरात सायकली दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने हा प्रश्न स्वतःचा मानला. त्यांचे नाव मोहम्मद शरीफ. लोक त्यांना 'शरीफचाचा' म्हणतात. प्रस्तुत पाठात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आहे.

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही शरीफ यांच्या कार्यामागील प्रेरणा स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल, बेवारस मृतदेहाबाबतची शासकीय पद्धत समजावून देऊ शकाल आणि मृत्यूशी संबंधित मराठी शब्दांच्या अर्थच्छटा ओळखू शकाल.

मूळपाठ

सायकलचे दुकान

शरयू नदीच्या परिसरात वसलेले फैजाबाद हे अवधच्या नवाबांच्या राजधानीचे जुने शहर. १७७५ साली राजधानी लखनौला गेली आणि शहराचा दिमाख ओसरला. उरल्या त्या जुन्या वेशी, मकबरे आणि अरुंद गल्ल्या. गझलगायिका बेगम अख्तर यांचा जन्म १९१४ साली याच शहरात झाला. येथून सात-आठ किलोमीटरवर अयोध्या आहे. २०१८ साली जिल्ह्याचे फैजाबाद हे नाव बदलून अयोध्या असे करण्यात आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू, साधू, निराधार वृद्ध आणि पोटापाण्यासाठी भटकणारी माणसे या परिसरात सतत येत असतात. त्यांतील काहींचा प्रवास येथेच संपतो.

या शहरात शरीफ यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. पंक्चर काढणे, साखळी बसवणे, वाकडे झालेले चाक सरळ करणे या कामांत जे मिळेल, त्यावर संसार चालायचा. त्यांना लोकांनी ओळखावे असे त्या आयुष्यात काहीच नव्हते, आणि १९९२ साल उजाडले नसते, तर कदाचित ते तसेच राहिले असते.

त्या वर्षी त्यांचा एक तरुण मुलगा औषधांच्या व्यवसायातील कामानिमित्त सुलतानपूरला गेला. सुलतानपूर फैजाबादपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. मुलगा परत आला नाही. वडिलांनी त्याचा ठिकठिकाणी शोध घेतला. काही आठवड्यांनी कळले ते असे, की मुलाची हत्या झाली होती आणि त्याचा देह बेवारस ठरला होता. ओळख पटली ती सदऱ्यावरील शिंप्याच्या खुणेवरून. मुलाच्या देहाला स्नान घालणे, त्याला कफन पांघरणे, त्याच्या कबरीवर मूठभर माती टाकणे, यांपैकी काहीही बापाच्या वाट्याला आले नाही.

ते १९९२ साल होते हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्या वर्षाच्या ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली आणि देशात अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. धर्माच्या नावाने माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती. अशा काळात पुत्रशोक झालेल्या माणसाचे मन कडवट झाले असते, तर त्याला दोष देणे कठीण होते. शरीफ यांनी जो निश्चय केला, तो वेगळाच होता. आपल्या जिल्ह्यात यापुढे कोणाचाही देह बेवारस म्हणून टाकला जाऊ नये. तो हिंदूचा असो वा मुसलमानाचा, शिखाचा असो वा ख्रिस्त्याचा, त्याला त्याच्या रीतीप्रमाणे निरोप मिळावा.

बहात्तर तास

शरीफ यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी बेवारस मृतदेहाचे पुढे काय होते, हे थोडे पाहिले पाहिजे. अनोळखी मृतदेह आढळल्याची खबर मिळाली, की पोलीस जागेवर जाऊन पंचनामा करतात. १ जुलै २०२४ पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे; आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. मृत्यूचे कारण संशयास्पद असल्यास शवविच्छेदन होते. मृताचे छायाचित्र काढले जाते, अंगावरील खुणा, कपडे, गोंदण यांची नोंद होते आणि देह शवागारात ठेवला जातो. कोणी ओळख पटवण्यास येईल म्हणून सामान्यतः बहात्तर तास वाट पाहिली जाते. कोणी आले नाही, तर देहाची विल्हेवाट लावायची जबाबदारी प्रशासनावर येते. काही वेळा असे देह वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी दिले जातात. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ सालापासून स्वतंत्र कायदा आहे.

'विल्हेवाट' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. कचऱ्याची विल्हेवाट लावतात, जुन्या कागदांची लावतात. कामाचा बोजा, अपुरा निधी आणि विचारणारे कोणी नाही अशी स्थिती, यांमुळे बेवारस देहाच्या वाट्याला पुष्कळदा तेच येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पंडित परमानंद कटारा यांच्या याचिकेवरील निर्णयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील सन्मानाचा हक्क मृतदेहालाही लागू होतो, असे स्पष्ट केले. पुढे २००२ साली आश्रय अधिकार अभियान या संस्थेच्या प्रकरणात, रस्त्यावर मरण पावलेल्या बेघर व्यक्तीलाही तिच्या धर्मरीतीनुसार सन्मानाने अंत्यसंस्कार मिळाला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मात्र न्यायालयाचा निर्णय शवागाराच्या दारापर्यंत पोहोचवायला माणूस लागतो.

फैजाबादमध्ये तो माणूस शरीफ होते. इस्पितळ, पोलीस ठाणी, रेल्वे स्थानक, मठ अशा ठिकाणी ते स्वतः चौकशी करत फिरत. मुदत संपली, की देह त्यांच्या स्वाधीन केला जाई. तो हातगाडीवर ठेवून ते स्मशानाकडे किंवा कब्रस्तानाकडे निघत. आरंभी सोबतीला कोणी येईना. कित्येक देह अनेक दिवसांचे असत. दुर्गंधी असे, रोगाचे भय असे. मदतीला बोलावले तर लोक दूर सरत. हा माणूस पुत्रशोकाने वेडा झाला आहे, असेही बोलले गेले. त्यामुळे सुरुवातीची बरीच कामे त्यांना एकट्यालाच करावी लागली.

पाठगत प्रश्न – १
(क) शरीफ यांच्या मुलाची ओळख कशावरून पटली?
(ख) 'विल्हेवाट' या शब्दाबद्दल पाठात नापसंती का दिसते?
(ग) मृतदेह शवागारात बहात्तर तास ठेवण्यामागील हेतू कोणता?

दोन रीती

देह ताब्यात आला, की पहिला प्रश्न उभा राही तो मृताच्या धर्माचा. गळ्यातील माळ, हातावरचे गोंदण, कपड्यांची धाटणी, देहावरील इतर खुणा यांवरून तो ठरवावा लागतो. हे काम वरवर पाहता विचित्र वाटेल. सर्वांना समान मानणाऱ्या माणसाने मृताचा धर्म शोधत का बसावे? एकाच पद्धतीने सर्वांचा विधी उरकता आला नसता का? परंतु समानतेचा अर्थ सर्वांना एकाच साच्यात घालणे असा शरीफ यांनी घेतला नाही. मृताच्या आईने, मुलाने किंवा पत्नीने त्याच्यासाठी जे केले असते, तेच करायचे हा त्यांचा दंडक. स्वतः श्रद्धावान मुसलमान असलेल्या या माणसाने म्हणूनच चिताही रचल्या.

इस्लामी रीतीत मृताला स्नान घालतात, त्याला 'गुस्ल' म्हणतात. पुरुषाला सामान्यतः तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचे न शिवलेले कफन असते. नंतर जनाजाची नमाज होते आणि देह दफन केला जातो. या नमाजेविषयीचा नियम मोठा अर्थपूर्ण आहे. समाजातील काही जणांनी ती अदा केली, तर सर्वांचे कर्तव्य पार पडते; कोणीच केली नाही, तर दोष सर्वांवर येतो. हिंदू रीतीत स्नान, नवे वस्त्र, तिरडी, अग्नी आणि पुढे अस्थिविसर्जन असा क्रम असतो. पारंपरिक चितेला तीन-चार क्विंटल लाकूड लागते, आणि गरिबाच्या खिशाला तो खर्च सोसत नाही. 'अनाथप्रेतसंस्कार' असा एक शब्दच धर्मशास्त्राच्या परंपरेत आहे. असा संस्कार करणाऱ्याला अश्वमेधाचे पुण्य लाभते, असे त्या परंपरेत मानले जाते. रामकथेतही सीतेसाठी रावणाशी झुंजून प्राण सोडणाऱ्या जटायूचे अंत्यसंस्कार स्वतः राम करतो. जटायू त्याच्या कुळाचा नव्हता. तो तर पक्षी होता. त्याच रामाच्या अयोध्येजवळ एक मुसलमान कारागीर अनोळखी हिंदूंच्या चिता रचत होता, ही गोष्ट त्या कथेपासून फार दूरची नाही.

पैसा हा प्रश्न मात्र परंपरेने सुटत नाही. कफनाचे कापड, लाकडे, गाडी, कबर खोदणाऱ्याची मजुरी यांसाठी शरीफ आधी आपल्या दुकानातली कमाई वापरत. पुढे गावातील दुकानदार आणि इतर नागरिक यथाशक्ती देणग्या देऊ लागले. मदतीचे हातही काही प्रमाणात मिळाले. तरीही कामाचा मोठा भार त्यांच्याच अंगावर राहिला.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या समाजाने प्रेताशी संबंधित कामे फार पूर्वीपासून विशिष्ट जातींवर लादली. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात मृत्यूची वर्दी परगावी नेणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारांकडे होती. काशीच्या घाटांवर चितेचा अग्नी देण्याचे काम डोम समाजाकडे आहे. ज्यांच्यावाचून कोणाचीही अखेरची यात्रा पुरी होत नसे, त्यांनाच अस्पृश्य ठरवले गेले. काशीचे डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. शरीफ यांच्यावर हे काम कोणी लादलेले नव्हते. ज्या कामाला हात लावल्याने माणूस 'विटाळतो' अशी समजूत होती, ते त्यांनी आपखुशीने पत्करले, आणि शेजाऱ्यांनी काही काळ अंतर राखले, तेही सोसले.

आकड्यांविषयी

शरीफ यांनी किती जणांचे अंत्यसंस्कार केले? वर्तमानपत्रांतून बहुधा पंचवीस हजार हा आकडा दिला जातो. सत्तावीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे दिवसाला दोनाहून अधिक. एका जिल्ह्यातील एका माणसाच्या कामाचा हिशेब म्हणून हा आकडा फारच मोठा वाटतो, आणि जिल्हा प्रशासनाने व कुटुंबीयांनी सांगितलेले अंदाज काही हजारांचेच आहेत. वाचकाने अशा आकड्यांकडे थोड्या सावधपणे पाहावे. कारण मोठा आकडा सांगितला, की ऐकणारा थक्क होतो आणि विचार करायचे विसरतो. अडीच हजार हा अंदाज धरला, तरी दर चार दिवसांना एक अनोळखी देह, आणि तोही पाव शतकाहून अधिक काळ. पावसाळ्यात ओली लाकडे, मे महिन्यातले ऊन, स्वतःचे दुखणे, सणवार, यांपैकी कशासाठीही शवागार थांबत नाही. शरीफ यांची थोरवी दिसते ती या सातत्यात. तिला मोठ्या आकड्याचा टेकू देण्याची गरज नाही.

सन्मान आणि त्यानंतर

२०२० सालच्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत समाजसेवेसाठी मोहम्मद शरीफ यांचे नाव होते. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. मात्र करोनाच्या साथीमुळे समारंभ लांबला. याच काळात देशभर मृतदेहांच्या रांगा लागल्या. संसर्गाच्या भीतीने सख्खे नातलगही शवाजवळ जाईनात, आणि अनेक गावांत परक्या स्वयंसेवकांनी अग्नी दिला किंवा माती दिली. जे एकेकाळी एका माणसाचे वेड मानले गेले, त्याची गरज त्या दिवसांत घरोघर कळली.

२०२१ सालच्या आरंभी शरीफ स्वतः अंथरुणाला खिळले. भाड्याचे घर, औषधांचा खर्च आणि डोक्यावर कर्ज अशी कुटुंबाची अवस्था असल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. हजारोंच्या कफनाची व्यवस्था करणाऱ्याच्या घरी औषधाला पैसा नसावा, ही गोष्ट वाचून अनेकांना लाज वाटली. अखेर ८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रपती भवनात तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांनी पद्मश्री स्वीकारली.

पाठगत प्रश्न – २
(क) शरीफ मृताचा धर्म का शोधत असत?
(ख) जनाजाच्या नमाजेविषयीचा नियम कोणता?
(ग) जटायूच्या प्रसंगाचा उल्लेख पाठात कशासाठी आला आहे?

भाषाभ्यास

या पाठात मृत देहासाठी एकाहून अधिक शब्द आले आहेत. ते समानार्थी असले, तरी एकाच्या जागी दुसरा सहज बसत नाही. 'मृतदेह' हा तटस्थ शब्द. पोलिसांच्या नोंदीत आणि बातमीत तो चालतो. 'शव' शास्त्रीय लेखनात आणि शवागार, शवविच्छेदन, शवपेटी अशा सामासिक शब्दांत आढळतो. 'प्रेत' बोलीत रूढ आहे, पण आपल्या माणसाबद्दल तो वापरताना जीभ अडखळते. 'पार्थिव' या शब्दात आदर आहे. 'कलेवर' काव्यात अधिक शोभतो. एखाद्या बेवारस माणसाचे 'पार्थिव' असे कोणी लिहीत नाही, हे ध्यानात घ्या आणि त्याचे कारण शोधा.

'बेवारस' हा शब्द 'बे' हा फारसी उपसर्ग आणि 'वारस' या मूळच्या अरबी शब्दापासून बनला आहे. हिंदीत याच अर्थाने 'लावारिस' म्हणतात; तेथे 'ला' हा अरबी उपसर्ग आहे. बेजबाबदार, बेइमान, बेफिकीर हे शब्द याच पद्धतीने तयार झाले आहेत.

मृताच्या नावामागे मराठीत 'कैलासवासी', 'वैकुंठवासी', 'पैगंबरवासी', 'ख्रिस्तवासी' असे शब्द लावण्याची प्रथा आहे. शब्द बदलतो, पण 'वासी' हे पद कायम राहते. मृत माणूस कोठे तरी राहायला गेला आहे, अशी कल्पना या सर्व शब्दांमागे आहे. ज्याचे नाव व धर्म दोन्ही अज्ञात आहेत, त्याच्यासाठी मात्र अशी सोय नाही.

अंत्यसंस्कारातील कृतींवरून मराठीत अनेक वाक्प्रचार आले आहेत. 'खांदा देणे', 'अग्नी देणे', 'माती देणे' हे मूळ अर्थानेच वापरले जातात. 'मूठमाती देणे' आणि 'तिलांजली देणे' यांना मात्र कायमचा त्याग करणे असा लाक्षणिक अर्थ आला आहे. उदाहरणार्थ, 'त्याने आळसाला तिलांजली दिली.'

शब्दार्थ

तिरडी – प्रेत वाहून नेण्यासाठी बांबूंची केलेली शिडीसारखी चौकट
सरण – चितेसाठी रचलेली लाकडे
कफन – मृताला पांघरायचे वस्त्र
कब्रस्तान – दफनभूमी
वर्दी – खबर, सूचना
दंडक – स्वतःला घालून घेतलेला नियम
गावगाडा – गावाची पारंपरिक व्यवस्था
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला किंवा घडलेला

पाठान्त प्रश्न

१. शरीफ यांच्या जीवनात १९९२ साली घडलेली घटना व तिचा परिणाम सात-आठ वाक्यांत लिहा.
२. 'समानतेचा अर्थ सर्वांना एकाच साच्यात घालणे असा शरीफ यांनी घेतला नाही.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा. तुम्हांला हा विचार पटतो का? सकारण लिहा.
३. पंचवीस हजार या आकड्याविषयी पाठात कोणती शंका घेतली आहे? अशी शंका घेतल्याने शरीफ यांच्या कार्याचे महत्त्व कमी होते का?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : खांदा देणे, मूठमाती देणे, जिवावर उठणे.
५. तुमच्या गावात किंवा वस्तीत अंत्यविधीची तयारी कोण करते? अशा एका व्यक्तीला भेटा. ती हे काम कोणाकडून शिकली, त्यासाठी तिला काय मिळते आणि एरवी लोक तिच्याशी कसे वागतात, हे विचारून घ्या व दीडशे शब्दांत लिहा. लिहिताना त्या व्यक्तीची अनुमती घ्यायला विसरू नका.